बेवारशी मांजर आणि ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य

पावसाळा लागला म्हणजे खेडोपाडी एक देखावा वारंवार दृष्टीस पडतो. कोणाच्या गोठ्यात वैरणीच्या आडोशास, कोणाच्या पडवीत सरपणामागे, तर कोठे उपासनामंदिराच्या ओट्याखाली एखादे मांजर येऊन पडलेले असते. त्याचा पाय मोडलेला असतो, किंवा अंगावरील जखम चिघळून तीत किडे पडलेले असतात. ते कोणी पाळलेले नसते, त्यास नाव नसते, आणि कोणी जवळ गेले तर ते फिसकारते. मुले भोवती जमतात, आई त्यांस हाका मारून दूर बोलाविते, घरातील कर्ता माणूस काठीने त्यास बाहेर लोटावयास सांगतो. दोन दिवसांनी ते नाहीसे होते किंवा मरते, आणि विषय तेथेच संपतो.

विषय क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक मोठा प्रश्न आहे. जे जनावर आपले नाही, ज्याचा आपणांस प्रत्यक्ष काही उपयोग नाही, जे आपल्या दारी आपण बोलाविल्यावाचून आले, त्याच्या दुःखाविषयी आपणांवर काही जबाबदारी आहे काय? आणि असल्यास ती कोठवर? बैल आजारी पडला असता काय करावे हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. कारण बैल गेला तर नांगर थांबतो. शेळीचे पोट फुगले तर घरची बाई रात्रभर जागते. कारण शेळी म्हणजे मुलांचे दूध. तेथे दया आणि हित ही दोन्ही एकाच वाटेने चालतात, म्हणून त्यांपैकी कोण पुढे आहे हे ओळखता येत नाही. बेवारशी मांजराच्या बाबतीत हित बाजूस होते आणि दया एकटी उरते. ती आपल्या ठायी कितीशी आहे हे तेव्हाच कळून येते.

मंडळ्यांतून फिरताना ह्या प्रश्नाची तीन उत्तरे आमच्या कानी पडतात. कोणी म्हणतात, “ते आमचे नव्हे, मग त्याचा भार आम्ही का वाहावा?” कोणी म्हणतात, “मंडळीत विधवा व अनाथ असताना मांजरावर वेळ व पैसा घालविणे हेच पाप होय.” आणि कोणी म्हणतात, “जगणे मरणे देवाच्या हाती आहे, आपण मध्ये का पडावे?” ही तिन्ही उत्तरे भल्या माणसांनी दिलेली आहेत. म्हणून त्यांचा उपहास न करता एकेकाचा विचार करू.

पहिले उत्तर असे की ते आमचे नव्हे. येथे मांजर ह्या प्राण्याचा इतिहास थोडा लक्षात घेतला पाहिजे. मनुष्याने पश्चिम आशियात धान्य पेरावयास व साठवावयास आरंभ केला तेव्हा त्या कोठारांवर उंदीर आले, आणि उंदरांमागून रानातील मांजर मनुष्याच्या वस्तीत आले. सायप्रस बेटात सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात मनुष्याच्या सांगाड्याशेजारी मांजराचा सांगाडा पुरलेला आढळला, आणि ही गोष्ट २००४ साली विद्वानांनी प्रसिद्ध केली. सायप्रस हे बेट आहे, आणि मांजर समुद्र पोहून तेथे गेले नसेल. मनुष्यानेच त्यास आपल्या होडीत घालून नेले. तेव्हापासून आजवर आपल्या कणग्या व कोठ्या राखण्याचे काम हा प्राणी करीत आला आहे. त्यास कोणी मुशाहिरा ठरविला नाही. उंदीर हाच त्याचा पगार.

म्हणून गावातील मांजर हे वाघ किंवा कोल्हा ह्यांसारखे रानचे जनावर नव्हे. रानचे जनावर मनुष्यावाचून जगते. गावचे मांजर मनुष्याच्या धान्यावर, उष्ट्यावर, छपरावर व उकिरड्यावर जगते. त्याचे पूर्वज मनुष्याने आपल्याजवळ राहू दिले, आणि पुष्कळदा तर त्याची आई कोणाच्या तरी घरी पाळलेलीच होती. घर बदलताना ती मागे टाकली गेली, किंवा तिची पिले पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडण्यात आली. अशा प्राण्यास “बेवारशी” म्हणणे हे नावापुरतेच खरे आहे. त्याचा कोणी एक धनी नाही, परंतु साऱ्या वस्तीवर त्याचे ऋण आहे. आणि ज्याचे देणे सर्वांनी मिळून लागते, ते देणे कोणाचेच नाही असे म्हणण्याची खोड मनुष्याच्या अंतःकरणास फार जुनी आहे.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या पवित्र शास्त्रात घरच्या मांजराचे नाव कोठे आढळत नाही, आणि म्हणून कोणी असे समजू नये की त्याविषयी शास्त्रास काही म्हणावयाचे नाही. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात नीतिमान मनुष्याची खूण म्हणून आपल्या पशूच्या जिवाची काळजी सांगितली आहे. कोणी म्हणेल, तेथे “आपला” पशू आहे, परका नाही. बरे, तर निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात पाहा. तेथे आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली दबून पडलेले दिसले तर त्यास सोडून जाऊ नये, हात लावून उठवावे, असा नियम आहे. तरीही कोणी म्हणेल की ते गाढव कोणाचे तरी होते, आणि ही दया खरोखर त्याच्या धन्यावर होती. मग अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील पक्षिणीचे घरटे पाहा. तिचा कोणीही धनी नाही. वाटेने जाणाऱ्यास ती सापडली, तथापि पिलांसकट आईस धरण्याची त्यास मोकळीक नाही. म्हणजे ज्या प्राण्यावर कोणाचीच मालकी नाही त्याच्या बाबतीतही देवाने मनुष्याच्या हातास मर्यादा घातली आहे. नोहाशी केलेला करार तर मनुष्याबरोबर प्रत्येक सजीव प्राण्याशी, रानातील पशूंशीदेखील केला, असे उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे.

एथे एक खरी अडचण आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड न बांधण्याविषयीचा नियम घेतो, आणि देवाला बैलांचीच काळजी आहे काय, असा प्रश्न करून तो नियम सुवार्तेच्या कामकऱ्यांस लावतो. हे वचन पुढे करून कित्येक म्हणतात की पशूंची काळजी देवास नाही असे प्रेषितानेच सांगितले. परंतु पौलाच्या युक्तिवादाची चाल पाहा. तो लहानावरून मोठ्याकडे जातो. मळणीच्या बैलासही दाणा मिळावा असे देव म्हणतो, तर मनुष्यांत पेरणी करणाऱ्या सेवकास किती अधिक मिळावे! आता बैलाविषयीचा नियम मुळीच खरा नसेल तर त्यावर उभारलेला सेवकाचा हक्कही ढासळतो. पायरी काढून टाकली म्हणजे माडीवर जाता येत नाही. म्हणून पौलाने त्या नियमाचा अर्थ वाढविला, तो रद्द केला नाही, असे आम्ही समजतो. योनाच्या पुस्तकाचा शेवटही आठवावा. निनवे नगराचा कैवार घेताना देव एक लक्ष वीस हजारांहून अधिक मनुष्यांचा उल्लेख करतो, आणि त्यांच्यामागून गुरांचाही करतो. आणि तेथेच ते पुस्तक संपते.

आता दुसरे उत्तर. मनुष्य आधी, हे खरे आहे काय? आम्ही निःशंकपणे म्हणतो, होय, खरे आहे. प्रभु येशूने चिमण्यांविषयी बोलताना मनुष्य आणि चिमणी सारखीच असे म्हटले नाही. पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे असे त्याने शिष्यांस सांगितले. ज्या घरी मुलास औषध आणावयास पैसा नाही त्या घराने कर्ज काढून मांजरास शहरी न्यावे असे आमचे म्हणणे नाही. मुलांच्या वाटणीचे दूध मांजरापुढे ठेवावे असेही नाही. अग्निप्रलयात मूल व मांजर ह्यांपैकी एकासच वाचविता येत असेल तर कोणास वाचवावे हे विचारण्याची गरज नाही.

परंतु अग्रक्रम ठरविणे निराळे आणि दार बंद करणे निराळे. पहिले ताट पाहुण्याचे म्हणून शेवटचे ताट कोणाचेच नाही असे होत नाही. त्या चिमण्यांच्या वचनाकडेच पुन्हा पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्यास दोन चिमण्या मिळतात, आणि लूकाच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांस पाच. म्हणजे पाचवी चिमणी विकणाऱ्याने वर टाकलेली, फुकटची. बाजारात तिची किंमत शून्य. आणि त्या पाचांपैकी एकीचाही देवास विसर पडत नाही असे प्रभु सांगतो. मनुष्याचे मोल अधिक आहे हे सिद्ध करण्याकरिता प्रभूने चिमणीचे मोल नाहीसे केले नाही. उलट त्याच्या सर्व बोलण्याचा पाया हाच की चिमणीसही मोल आहे.

ह्या संबंधाने इतिहासही काही सांगतो. इंग्लंडात जनावरांवरील क्रूरपणा थांबविण्यासाठी जी पहिली मंडळी १८२४ साली लंडन येथे स्थापन झाली, तिच्या उभारणीत आर्थर ब्रूम नावाचा एक धर्मोपदेशक पुढे होता. त्या मंडळीच्या कर्जापायी त्यास बंदिवासही भोगावा लागला. त्याच्याबरोबर बसणाऱ्यांत विल्यम विल्बरफोर्स होता. ज्याच्या श्रमाने १८०७ साली इंग्रजी राज्यात गुलामांचा व्यापार बंद झाला, आणि १८१३ साली हिंदुस्थानात मिशनरी लोकांस मोकळीक मिळावी म्हणून ज्याने पार्लमेंटात झुंज दिली, तोच हा मनुष्य. गुलामांकरिता ज्याचे अंतःकरण कळवळले तेच घोड्यागुरांकरिताही कळवळले. दया ही रांजणातील पाण्यासारखी मोजकी नाही, की मांजरास एक तांब्या दिला तर विधवेस एक तांब्या कमी पडेल. ती विहिरीच्या झऱ्यासारखी आहे, उपसा होत राहिला तर झरा मोकळा राहतो. जो मनुष्य “आधी गरीब” असे म्हणून मांजरास हाकलतो, त्याने त्या दिवशी खरोखर कोणा गरिबाचे दार ठोठावले काय, हे त्याने स्वतःस विचारावे. ठोठावले असेल तर त्याचे बोलणे खरे. नसेल तर गरिबाचे नाव त्याने केवळ ढालीप्रमाणे पुढे धरले.

आमच्या शेजारधर्मीयांचाही ह्या कामी मोठा वाटा आहे, आणि तो मोकळ्या मनाने कबूल केला पाहिजे. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाला तो पारशी व जैन गृहस्थांच्या पुढाकाराने. आणि परळ येथे १८८३ साली निघालेले जनावरांचे रुग्णालय सर दिनशा माणेकजी पेटिट ह्या पारशी गृहस्थाच्या औदार्याचे फळ असून ते आजही चालू आहे. जेरुसलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर याजक व लेवी पलीकडून निघून गेले आणि शोमरोनी थांबला, ही गोष्ट आपण दर वर्षी उपदेशात सांगतो. ती सांगताना आपण त्या तिघांपैकी कोण आहो हेही पाहावे.

तिसरे उत्तर असे की जगणे मरणे देवाच्या हाती. हे उत्तर धार्मिक दिसते, म्हणूनच ते अधिक जपून तपासले पाहिजे. देवाच्या हाती सर्व आहे हे आपण मानतो. परंतु आपल्या मुलास ताप आला असता आपण तेवढ्यावर थांबत नाही. डॉक्टर वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले तेव्हा देवाच्या कामात ढवळाढवळ केली असे कोणी ख्रिस्ती मनुष्य म्हणणार नाही. महारोग्यास “त्याचे प्राक्तन” म्हणून गावाबाहेर टाकीत असत, तेव्हा मिशनच्या लोकांनी त्यास जवळ घेतले, कारण दुःख दिसणे हीच देवाची हाक असे त्यांनी मानले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सर्व सृष्टी कण्हत आहे व मुक्तीची वाट पाहत आहे असे प्रेषित सांगतो. ते कण्हणे ज्यास ऐकू येते त्याने कानात बोटे घालून त्यास देवाची इच्छा म्हणावे, हे बरे नव्हे.

एथेच एका जुन्या भीतीविषयीही बोलणे प्राप्त आहे. मांजर आडवे गेले म्हणून प्रवास मोडणारे, काळे मांजर दारी आले म्हणून मन खट्टू करून घेणारे लोक अजून आपल्या मंडळ्यांत आहेत. तसेच मांजर हातून मेले तर सोन्याचे मांजर करून काशीस दान द्यावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. तिच्यामुळे कित्येक लोक मांजर मारीत नाहीत खरे, परंतु मरावयास टेकलेल्या मांजरास हातही लावीत नाहीत, न जाणो ते आपल्याच हाती मरावयाचे! भीती फार झाले तर मनुष्याचा हात आवरते. तो पुढे करावयास ती शिकवीत नाही. प्रभूने आपणांस भीतीतून सोडविले आहे, ते आपले हात मोकळे व्हावे म्हणून.

तर मग करावे काय? दयेस ज्ञानाची जोड नसेल तर ती पुष्कळदा घात करते, आणि मांजराच्या बाबतीत हे फारच खरे आहे; कारण त्याचे शरीर मनुष्याच्या किंवा कुत्र्याच्याही शरीरासारखे चालत नाही. मनुष्याच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. जखमेतील किडे मारण्यासाठी खेड्यात फिनेल किंवा टर्पेंटाइन ओततात; मांजर आपले अंग चाटून स्वच्छ करणारे असल्यामुळे ते विष त्याच्या पोटात जाते, आणि फिनेल तर कातडीतूनही भिनते. कुत्र्याच्या गोचिडांवरील औषधेही मांजरास लावू नयेत. त्यांपैकी कित्येक त्यास मारक आहेत. गाईचे दूध पुष्कळ मोठ्या मांजरांस पचत नाही व त्यांस हगवण लागते. अशक्त जनावरास तर तेवढेही पुरते. दारी पडलेल्या मांजरास पहिल्याने हवे असते ते स्वच्छ पाणी, कोरडी व अंधारी जागा, ऊब, आणि शिजविलेल्या मासळीचा किंवा मांसाचा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा घास. थंड पडलेल्या पिलास आधी ऊब द्यावी, मग खावयास घालावे. गारठलेल्या पोटात गेलेले अन्न पचत नाही.

त्यास धरावयाचे झाल्यास पाठलाग करू नये. जखमी मांजर भीतीने बोचकारते व चावते, आणि तो त्याचा दुष्टपणा नव्हे. मांजरीचे दात तिच्या पिलांस लागत नाहीत अशी म्हण आहे. परंतु परक्या हातास ते खोल लागतात. जाड गोधडीचा तुकडा किंवा टॉवेल त्याच्यावर अलगद टाकून, त्यात गुंडाळून, छिद्रे पाडलेल्या खोक्यात किंवा झाकणाच्या टोपलीत ठेवावे व वर कापड घालावे. अंधारात ते शांत होते. पाय मोडला असल्यास घरी काठ्या बांधण्याची खटपट करू नये. मग तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तोंड उघडे टाकून धापा टाकणारे, दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेले, किंवा वारंवार बसूनही ज्यास लघवी होत नाही असा बोका, ह्यांच्या बाबतीत उद्यापर्यंत थांबू नये.

आपल्या स्वतःच्या घराचीही काळजी घेतली पाहिजे. कारण बेफिकिरी ही दया नव्हे. मांजराने चावा घेतला किंवा ओरखडा काढला तर ती जागा लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर चुना, तिखट किंवा हळद लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही मनुष्यास होतो. तो एकदा प्रकट झाला म्हणजे बहुतकरून उपाय नाही, परंतु वेळेवर टोचून घेतले तर तो टळतो. जे मांजर विनाकारण अंगावर धावते, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, ज्याची चाल बिघडली आहे, त्यास हात न लावता पशुवैद्यास कळवावे व मुलांस दूर ठेवावे. मांजराच्या अंगावरील नायटा मुलांस लागतो, म्हणून हात धुवावे. गरोदर बाईने मांजराची विष्ठा काढू नये.

आणखी एक गोष्ट शेतकरी बंधूंनी लक्षात घ्यावी. उंदरांकरिता आपण जे विष घालतो त्यापैकी काही असे असते की ते खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरासही ते बाधते व त्याच्या शरीरात आतल्या आत रक्तस्राव होतो. ज्याने फुकट कोठार राखले त्यास आपण अजाणता मारतो, आणि पुढल्या वर्षी उंदीर वाढले म्हणून अधिक विष आणतो. विष घालणे भागच असेल तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावे.

आता सर्वांत कठीण भागाकडे येऊ. मांजरी वर्षातून दोन-तीन वेळ विते. गर्भ सुमारे नऊ आठवडे राहतो. एका वेळेस तीन ते पाच पिले होतात, आणि चार-सहा महिन्यांची झालेली मादीसुद्धा गाभण राहू शकते. केवळ खावयास घालणारी दया दोन वर्षांत एकाच्या ठिकाणी वीस भुकेली तोंडे उभी करते. त्यांतील बहुतेक पिले रोगाने, कुत्र्यांनी किंवा गाड्यांखाली मरतात. मग तोच दयाळू मनुष्य कंटाळून त्यांस पोत्यात घालतो. पिले पाण्यात बुडविणे किंवा दूर रानात सोडणे ह्यास आपल्याकडे कोणी पाप समजत नाही, कारण डोळ्यांआड झालेले मरण आपण आपल्या खाती मांडीत नाही. आम्हांस वाटते की हे खाते दुसरीकडे मांडले जाते. ह्यावर उपाय आहे, आणि तो निर्दय नाही: मादीचे व बोक्याचे गर्भनिरोधक शस्त्रकर्म पशुवैद्याकडून करवून घेऊन त्यांस पुन्हा आपल्या जागी सोडावे. तालुक्यास सोय नसल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी विचारावे. एका घरास हा खर्च जड होईल. पाच घरांनी मिळून उचलला तर होणार नाही. देवाने प्राण्यांस फळद्रूप होण्याचा आशीर्वाद दिला असता आपण तो कसा रोखावा, असे कोणी विचारतात. आमचे उत्तर असे की रानातील प्राण्यांच्या बाबतीत तो प्रश्न आपला नव्हे. परंतु ज्या प्राण्याची वाढ आपल्याच उकिरड्यामुळे झाली, त्याची काळजी घेणे हे एदेन बागेतील माणसावर सोपविलेल्या राखणीचेच काम आहे.

आणि जे मांजर बरे होणेच शक्य नाही, त्याचे काय? कंबर मोडलेली, श्वासोच्छ्वास कष्टाने चालला आहे, पशुवैद्य म्हणतात की आशा नाही. अशा वेळी सुईने त्यास वेदनेवाचून मरण देणे योग्य काय? सहावी आज्ञा मनुष्याच्या जिवाविषयी आहे, आणि मनुष्याच्या बाबतीत आयुष्याचा शेवट आपल्या हाती घेण्याची मोकळीक आपणांस नाही. पशू मात्र मनुष्याच्या स्वाधीन केलेला आहे, आणि ह्या स्वाधीनतेत त्याची वेदना थांबविण्याचा भारही येतो असे आमचे मत आहे. तथापि तेथे एक प्रश्न स्वतःस प्रामाणिकपणे विचारावा: हे मरण त्याचे दुःख संपविण्याकरिता देत आहो, की आपली दगदग संपविण्याकरिता? पहिले असेल तर पशुवैद्याच्या हातून ते होऊ द्यावे, व त्याच्या जवळ बसावे. दुसरे असेल तर त्यास दयेचे नाव देऊ नये. ह्या बाबतीत कोणा भावाचा विवेक निराळा असेल तर त्याने त्याप्रमाणे चालावे. परंतु ते जनावर रस्त्यावर तडफडत पडू देणे हा विवेकाचा मार्ग नव्हे.

शेजारधर्माविषयीही दोन शब्द सांगतो. मांजरांस खावयास घालणाऱ्याच्या शेजारी कोंबड्या पाळणारी बाई राहत असते, आणि बोक्याने तिची चार पिले नेली तर तिचे नुकसान खरे असते. तिच्यापुढे शास्त्रवचने म्हणत बसणे ही दया नव्हे. खुराड्यास जाळी लावून द्यावी, ठरल्या वेळी व ठरल्या जागी तेवढेच घालावे, उष्टे उचलून जागा झाडावी. मांजरावर दया करून शेजारणीशी वैर करणारा मनुष्य अर्ध्या वाटेवरच थांबला. उलट, जो रागाने मांजरास विष घालतो किंवा उकळते पाणी फेकतो, त्याने जाणावे की १९६० च्या प्राणीक्लेश प्रतिबंधक कायद्याने हा अपराध आहे. १९७६ साली आपल्या राज्यघटनेत जी नागरिकांची कर्तव्ये घातली गेली त्यांतही प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे एक आहे. सरकारने जे कर्तव्य म्हणून सांगितले त्याहून ख्रिस्ती मंडळीने कमी करावे, हे शोभत नाही.

शेवटी आमची विनंती विशेषेकरून आईबापांस व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आहे. जे मूल मांजरावर धोंडा मारते आणि त्यास कोणी काही म्हणत नाही, ते मूल दुर्बळाचे दुःख ही करमणूक आहे असे शिकते. आणि हा धडा पुढे घरच्या सुनेवर, गड्यावर, म्हाताऱ्या बापावर चालविला जातो. उलट, ज्या मुलाने एका फिसकारणाऱ्या, कृतघ्न जनावरापुढे पाण्याची वाटी ठेवून चार पावले मागे सरून वाट पाहिली, त्याने धीर, नम्रता आणि परतफेडीवाचून प्रीती ही तिन्ही एका दुपारी शिकून घेतली. आपण देवाकडे आलो तेव्हा आपणही काही निराळे नव्हतो. आपली जखम घेऊन आपण लपलो होतो आणि मदतीच्या हातास चावत होतो. तरी तो हात त्याने मागे घेतला नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, तुमच्या दारी असा प्राणी आला तर आधी तुमची मुले, तुमचे गरीब, तुमचे आजारी, ह्यांचे जे देणे असेल ते द्या. आणि मग काठी घेण्यापूर्वी एक वाटी पाणी, एक खोके व एक जुने फडके घ्या. सर्व मांजरांचे दुःख तुम्ही दूर करू शकणार नाही, आणि तुम्हांपासून तसा हिशेबही मागितला जाणार नाही. जे तुमच्या ओट्याखाली येऊन पडले, तेवढ्याविषयीच तुम्हांस विचारण्यात येईल.